हातात ५ किलो, स्नायूत ५० किलो: शरीरातली बलं स्वतः मोजायला शिका

५ किलोचं डंबेल हातात घ्या, कोपर काटकोनात वाकवा आणि नुसतं धरून ठेवा. काहीच हलत नाहीये, तरी त्या वेळी कोपर वाकवणारे स्नायू मिळून जवळपास ५० किलो ओझ्याएवढी ओढ लावत असतात, म्हणजे हातातल्या वजनाच्या दहापट. ऐकायला फार वाटतं, पण हे गणित शाळेतल्या तरफेचंच आहे आणि ते कुणालाही करता येतं. एकदा जमलं की कंबर कशामुळे भरून येते, काठी कुठल्या हातात धरायची, उडी मारून उतरताना गुडघे का वाकवायचे, या सगळ्याची उत्तरं तुमची तुम्हाला काढता येतात, कारण सगळीकडे मुद्दा एकच आहे: सांध्यावर किती ताण येणार हे वजनाच्या किलोंइतकंच, आणि बऱ्याचदा त्याहून जास्त, ते वजन सांध्यापासून किती लांब आहे यावर ठरतं.

१७व्या शतकात इटलीत जोव्हानी अल्फोन्सो बोरेल्ली यांनी हेच दाखवलं होतं, की स्नायू सांध्याच्या अगदी जवळ चिकटलेले असल्यामुळे त्यांना बाहेरच्या ओझ्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. आपण तीच पद्धत वापरणार आहोत. लागणार काय तर कागद, पट्टी, मोबाईल आणि काट्याचा वजनकाटा.

सुरुवातीला एवढं लक्षात ठेवा

किलो हे वस्तुमान, आणि पृथ्वी ते जितक्या जोराने खाली ओढते ते बल, ते न्यूटनमध्ये मोजतात. १ किलोवर साधारण ९.८ न्यूटन. आपण सरळ १० धरू, हिशोब सोपा होतो आणि आपल्या कामापुरता फरक पडत नाही. म्हणजे ६० किलोचा माणूस जमिनीवर ६०० न्यूटनने दाबतो आणि जमीनही त्याला तेवढ्याच बलाने वर ढकलते, या उलट्या ढकलण्याला ग्राउंड रिअ‍ॅक्शन म्हणतात आणि चालणं, धावणं, उडी सगळं त्याच्याच जिवावर चालतं.

दुसरी गोष्ट टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड लागतं आणि कडेला ढकललं तर हलकं, तसंच सांध्याचं आहे. बल गुणिले अंतर. पण हे अंतर कुठलं, इथे बहुतेक जण गोंधळतात, म्हणून नीट बघा. हे हाताची किंवा पायाची लांबी नव्हे, तर सांध्यापासून त्या बलाच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर. वजन कायम सरळ खाली ओढतं, म्हणून वजनासाठी हे लंब अंतर म्हणजे सांध्यापासूनचं आडवं अंतर. हात खाली सोडून बादली धरली की ती खांद्याच्या बरोबर खाली लटकते, आडवं अंतर जवळपास शून्य, आणि म्हणून खांद्याला ती फारशी जाणवत नाही, बोटांनाच जाणवते. तीच बादली हात समोर ताणून धरा, काही सेकंदात खांदा थरथरायला लागतो. बादली तीच, फक्त अंतर बदललं.

पायरी १: एक क्षण गोठवा आणि चित्र काढा

हालचाल कितीही गुंतागुंतीची असली तरी तिच्यातला सगळ्यात अवघड वाटणारा एक क्षण निवडा. जमत असेल तर बाजूने फोटो काढा. मोबाईल शरीराच्या बरोबर काटकोनात आणि ज्या सांध्याबद्दल विचार करायचाय त्याच्या उंचीवर ठेवा, आणि फोटोत शरीराच्याच रेषेत एक ३० सेंमीची पट्टी उभी धरा म्हणजे नंतर फोटोवरून खरं अंतर काढता येतं. मग कागदावर काडी-माणूस काढायचा, सांध्यांच्या जागी टिंब.

आता फक्त एक सांधा निवडा आणि त्याच्या पलीकडचा भाग मनानेच कापून वेगळा काढा. कोपराचा विचार करत असाल तर कोपरापासून पुढचा हात आणि हातातली वस्तू एवढंच चित्रात ठेवा, बाकी शरीर पुसून टाका. ही पायरी टाळू नका, कारण पूर्ण शरीर समोर ठेवलं की बाण कुठे काढायचे हेच कळत नाही.

पायरी २: वजनांचे बाण

कापलेल्या भागाला स्वतःचंही वजन असतं आणि ते विसरलं की उत्तर चुकतं. मोजण्यासाठी ठरलेले टक्के आहेत, एकूण वजनाच्या हिशोबात: डोकं आणि मान मिळून साधारण ८ टक्के, धड ५० टक्के, एक पूर्ण हात ५ टक्के (त्यात दंड २.८, कोपरापासून पंजापर्यंत २.२), आणि एक पूर्ण पाय १६ टक्के (मांडी १०, पोटरीचा भाग ४.६ च्या आसपास, पाऊल १.४ च्या आसपास). माणसागणिक थोडं इकडेतिकडे होतं पण सुरुवात म्हणून हे आकडे भरवशाचे आहेत. प्रत्येक भागाच्या गुरुत्वमध्यातून, म्हणजे जिथे त्याचं सगळं वजन एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूतून, सरळ खाली एक बाण काढा. भागाचा गुरुत्वमध्य बरोबर मधोमध नसतो, जाड टोकाकडे थोडा सरकलेला असतो, म्हणजे धडाजवळच्या सांध्यापासून साधारण ४३ टक्क्यांवर.

पायरी ३: टॉर्क जुळवा

आता डंबेलचा हिशोब. पुढच्या हाताचं वजन १.५ किलो म्हणजे १५ न्यूटन, ते कोपरापासून १५ सेंमीवर. डंबेल ५० न्यूटन, ते ३५ सेंमीवर. टॉर्क काढू: १५ गुणिले १५ म्हणजे २२५, आणि ५० गुणिले ३५ म्हणजे १७५०. एकूण १९७५ न्यूटन-सेंमी, आणि हे सगळं हात खाली पाडायला बघतंय. हात पडत नाहीये म्हणजे स्नायू बरोबर तेवढाच टॉर्क उलट दिशेने देतोय. पण बायसेप्सचा, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूचा, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कोपरापासून जेमतेम ४ सेंमीवर चिकटलेला आहे. १९७५ भागिले ४, उत्तर ४९४ न्यूटन. हेच ते ५० किलो.

पायरी ४: सांध्यावर काय येतं

वर ओढणारं बल ४९४, खाली ओढणारी वजनं १५ आणि ५० मिळून ६५. पुढचा हात वर उडत नाही कारण दंडाचं हाड त्याला खाली दाबून धरतं, ४२९ न्यूटनने. म्हणजे कोपराच्या सांध्यात हाडावर हाड जवळपास ४३ किलोने दाबलं जातंय. सांध्यावरचा बहुतेक दाब बाहेरच्या ओझ्याचा नसतो तर आपल्याच स्नायूंच्या ओढीचा असतो, आणि मला विचाराल तर संपूर्ण विषयात यापेक्षा महत्त्वाचं वाक्य नाही. स्नायूला कमी ओढावं लागेल अशी व्यवस्था केली की सांध्यावरचा दाबही आपोआप कमी होतो.

मग निसर्गाने टेंडन इतका जवळ का चिकटवला? कारण त्यात दुसरा फायदा आहे. स्नायू १ सेंमी आखडला की पंजा जवळपास ९ सेंमी हलतो. ताकदीत जे गमावलं ते वेग आणि पल्ल्यात मिळालं, म्हणूनच आपण फेकू शकतो, झटकन हात मागे घेऊ शकतो. टेकू एका टोकाला, भार दुसऱ्या टोकाला आणि बल मध्ये, ही तिसऱ्या प्रकारची तरफ, आणि शरीरात याच प्रकारच्या तरफा सगळ्यात जास्त आहेत. मान ही पहिल्या प्रकारची, टेकू मध्ये: डोक्याचा गुरुत्वमध्य सांध्याच्या थोडा पुढे असतो आणि मानेमागचे स्नायू मागून ओढून धरतात, म्हणून बसल्या बसल्या डुलकी लागली की डोकं पुढे पडतं. स्क्रीनकडे वाकून बघताना तेच अंतर वाढतं आणि मानेमागचे स्नायू तासन्‌तास जास्तीची ओढ लावत राहतात.

एक छोटा सराव खांद्यावर करून बघा. ६० किलोच्या माणसाचा हात ३ किलोचा, बाजूला सरळ ताणला की त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे ३० सेंमीवर येतो. खांद्याच्या स्नायूचं लंब अंतर ३ सेंमी धरा. ३० गुणिले ३० भागिले ३, रिकाम्या हातालाच ३०० न्यूटन. हातात २ किलो घेतले, तेही ६० सेंमीवर, की एकदम ७०० न्यूटन. आता दंड तसाच आडवा ठेवून कोपर वाकवून पंजा वर छताकडे करा, हाताचा गुरुत्वमध्य २० सेंमीवर येतो आणि वजन ३० सेंमीवर, उत्तर ४०० न्यूटन. दुखऱ्या खांद्याच्या माणसाला आधी कोपर वाकवून व्यायाम देतात तो याच हिशोबाने.

कंबर: इथे जरा जास्त वेळ देऊ

कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याच्या वरचं शरीर ६० किलोच्या माणसात साधारण ३५ किलो भरतं, म्हणजे ३५० न्यूटन. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून फक्त ५ सेंमी मागे. समजा पुढे वाकून जमिनीवरून १० किलोचा खोका उचलताय, वरच्या शरीराचा गुरुत्वमध्य कमरेच्या सांध्यापासून २५ सेंमी पुढे गेलाय आणि खोका ५० सेंमी पुढे आहे. ३५० गुणिले २५ म्हणजे ८७५०, अधिक १०० गुणिले ५० म्हणजे ५०००. एकूण १३७५० भागिले ५, स्नायूंना २७५० न्यूटन. त्यात वरच्या वजनांचा वाटा मिळवला की दोन मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब ३००० न्यूटनच्या आसपास जातो.

आता तोच खोका अंगाला लावून उचला, गुडघे आणि खुबे वाकवून, धड कमी झुकवून. वरच्या शरीराचं अंतर १५ सेंमी, खोक्याचं ३० सेंमी. ५२५० अधिक ३०००, भागिले ५, १६५० न्यूटन. खूपच कमी. आणि आता खरी गंमत बघा, पहिल्यासारखंच वाकून पण रिकाम्या हाताने, म्हणजे नुसतं खाली पडलेलं पेन उचलायला: ८७५० भागिले ५, १७५० न्यूटन! म्हणजे १० किलो नीट अंगालगत उचलण्यापेक्षा पेन वाकून उचलणं स्नायूंना महाग पडतं, कारण ओझं पेनाचं नाहीच, स्वतःच्या धडाचं आहे. कंबर भरून येणारे लोक 'मी तर काहीच जड उचललं नाही' असं म्हणतात तेव्हा ते खरंच बोलत असतात.

हे फक्त कागदावरचं नाही. १९९९ मध्ये हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाब मोजणारा सेन्सर बसवून मोजमाप प्रसिद्ध केलं. आडवं पडल्यावर ०.१ मेगापास्कल (हे दाबाचं एकक), सैल उभं असताना ०.५, २० किलो पाठ गोल करून उचलताना २.३, गुडघे वाकवून उचलताना १.७, आणि तेच वजन अंगाजवळ धरल्यावर १.१. एकाच माणसावरची मोजणी आहे हे ध्यानात ठेवा, पण तरफेचं गणित ज्या दिशेला बोट दाखवतं त्याच दिशेला हे आकडे जातात. लोकांना 'गुडघे वाकवा' एवढंच सांगितलं जातं, माझ्या मते ते अर्धवट आहे, कारण गुडघे वाकवून खोका गुडघ्यांच्या पुढे लांब राहिला तर फायदा बराचसा वाया जातो. आधी वस्तू जवळ ओढा, पाय तिच्या दोन्ही बाजूला घ्या, मग गुडघे.

कामगारांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या १९९१ च्या सूत्रातही हेच दिसतं. सगळी परिस्थिती उत्तम असेल तर उचलायची मर्यादा २३ किलो, पण ती वस्तू घोट्यांच्या मध्यापासून २५ सेंमीच्या आत असेल तरच. अंतर ५० सेंमी झालं की मर्यादा थेट निम्मी, साडेअकरा किलो. जमिनीवरून उचलणं, अंग पिळणं, वारंवार उचलणं याने ती आणखी खाली येते.

खुबा आणि काठी

एका पायावर उभं राहिलं की त्या खुब्यावर बाकीच्या सगळ्या शरीराचं वजन येतं, म्हणजे ६० किलोतून तो पाय वजा करून साधारण ५०० न्यूटन. या वजनाची रेषा खुब्याच्या सांध्यापासून १० सेंमी आतल्या बाजूला आणि कमरेला तोलून धरणारा बाहेरच्या बाजूचा स्नायू ५ सेंमीवर. ५०० गुणिले १० भागिले ५, स्नायूला १००० न्यूटन, सांध्यावर १५००. शरीराच्या वजनाच्या अडीचपट, नुसतं एका पायावर उभं राहून. आणि चालताना आपण प्रत्येक पावलाला एका पायावरच असतो.

आता काठी. दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे डॉक्टर सांगतात ते असं: विरुद्ध हातातली काठी दुखऱ्या खुब्यापासून ५० सेंमीवर टेकते, म्हणून तिच्यावर फक्त ५० न्यूटन, म्हणजे ५ किलोएवढा रेटा दिला तरी टॉर्क २५०० होतो. स्नायूला आता उरलेले २५०० सांभाळायचे, भागिले ५, ५०० न्यूटन. सांध्यावर ५०० अधिक ५०० वजा ५०, म्हणजे ९५०. हे स्थिर उभं राहण्याचं ढोबळ गणित आहे, चालताना प्रत्यक्षात इतका मोठा फरक पडत नाही, पण फायदा खरा असतो. दुखऱ्या बाजूच्याच हातात काठी धरली तर ती खुब्याच्या अगदी जवळ आणि तेही बाहेरच्या बाजूला टेकते, तिथे तिचा रेटा स्नायूला मदत करण्याऐवजी उलटच जातो. त्याची भरपाई म्हणून माणूस धड त्या बाजूला झुकवून चालतो. घरात कुणी काठी वापरत असेल तर आजच बघा कुठल्या हातात आहे.

पायरी ५: हालचाल आली की वेळ मोजा

आतापर्यंत सगळं स्थिर होतं. हलणाऱ्या शरीरात न्यूटनचा दुसरा नियम येतो (बल म्हणजे संवेगातला, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यातला, बदल भागिले वेळ) आणि तिथे अंतराच्या जोडीला वेळही महत्त्वाची होते. काट्याचा वजनकाटा घ्या (डिजिटल आकडा गोठवून ठेवतात, इथे उपयोगाचे नाहीत), त्यावर उभे राहा आणि पटकन गुडघे वाकवून खाली बसा. काटा आधी खाली जाईल, कारण शरीर खाली वेग घेताना जमीन कमी ढकलते, आणि तळाला थांबताना तुमच्या वजनाच्या बराच वर जाईल. तुमचं वजन बदललं नाही, वेग बदलायला लागणारं बल तेवढं दिसलं. हळू बसलात तर काटा जवळपास हलणार नाही.

यावरून उडीचं गणित. ५० सेंमी उंचीवरून उतरलात तर जमिनीला पाय लागताना वेग सेकंदाला साधारण ३.१६ मीटर. ६० किलो गुणिले हा वेग, संवेग सुमारे १९०. पाय ताठ ठेवून ०.०५ सेकंदात थांबलात तर १९० भागिले ०.०५, ३८०० न्यूटन, अधिक स्वतःचं वजन ६००, एकूण ४४०० म्हणजे वजनाच्या सातपटीहून जास्त. खुबे, गुडघे, घोटे वाकवून ०.२ सेकंदात थांबलात तर ९५० अधिक ६००, १५५० न्यूटन, अडीचपटीच्या थोडं वर. सरासरी बल एक तृतीयांशाच्या आसपास आलं, आणि त्यासाठी शरीर फक्त ३० सेंमीच्या आसपास खाली जाऊ द्यावं लागलं. उतरताना आवाज ऐका, धप्प आवाज आला म्हणजे थांबायचा वेळ कमी पडला. मुलांना शिकवताना मी तर एवढंच सांगेन की आवाज न करता उतरा, बाकीचं शरीर स्वतः शोधतं. फक्त गुडघे आत एकमेकांकडे वळत नाहीत ना हे समोरून बघा.

चालताना जमिनीचं उभं बल वजनाच्या १.१ ते १.२ पट होऊन मध्ये वजनापेक्षा खाली येतं आणि परत वर जातं, आलेख काढला तर दोन उंचवटे दिसतात. धावताना एकच मोठा उंचवटा, २ ते ३ पट. दोन्हींची यंत्रणाच वेगळी आहे. चालताना शरीर ताठ पायावरून उलट्या लंबकासारखं पुढे झुलत जातं आणि वर चढताना साठलेली ऊर्जा खाली येताना गतीत परत मिळते, आरामाच्या वेगाला ही देवाणघेवाण ६० ते ७० टक्क्यांपर्यंत जाते. धावताना तसं होत नाही, तिथे टेंडन ताणून ऊर्जा साठवतात आणि परत देतात, मुख्यतः टाचेमागचा अकिलिस. त्याच्यावर किती येतं? एका पायाच्या चवड्यावर नुसतं उभं राहा, चवडा घोट्यापासून १२ सेंमी पुढे, अकिलिस ५ सेंमी मागे. ६०० गुणिले १२ भागिले ५, १४४० न्यूटन, वजनाच्या जवळपास अडीचपट, तेही स्थिर असताना. धावताना यालाच जमिनीच्या बलाच्या त्या दोन-तीन पटींनी गुणा, म्हणजे कळेल की धावण्याचं अंतर एकदम वाढवलं की टाचेमागे आधी का दुखतं.

ओल्या फरशीचं एक सांगून पुढे जातो. साध्या चालण्याला घर्षणाचा गुणांक, म्हणजे आडवं बल भागिले उभं बल, ०.२ च्या आसपास लागतो. लांब टांगा टाकल्या की पाय जास्त तिरका पडतो आणि आडवं बल वाढतं, म्हणून निसरड्यावर छोटी पावलं टाकायची आणि शरीर पावलाच्या वरच ठेवायचं.

पायरी ६: स्वतःचा गुरुत्वमध्य काढा

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण उंचीच्या ५५ टक्क्यांवर, माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या समोर असतो. स्वतःचा काढायचा असेल तर २ मीटरच्या आसपासची मजबूत फळी घ्या, एक टोक वजनकाट्यावर आणि दुसरं तेवढ्याच उंचीच्या विटेवर टेकवा, दोन्हीकडे खाली पातळ काठी ठेवा म्हणजे टेकू नेमका राहतो. रिकाम्या फळीचा आकडा लिहून ठेवा. मग झोपा, टाचा विटेकडच्या टेकूच्या बरोबर वर, डोकं काट्याकडे. आलेल्या आकड्यातून फळीचा वजा करा. टेकूंमधलं अंतर १८० सेंमी, तुमचं वजन ६० आणि काटा ३० दाखवत असेल तर ३० गुणिले १८० भागिले ६०, गुरुत्वमध्य टाचांपासून ९० सेंमीवर. १६५ सेंमी उंचीच्या माणसाचे हे साडेचोपन्न टक्के. आता झोपल्या झोपल्या हात डोक्यावर न्या, आकडा वाढेल.

तोल म्हणजे या बिंदूतून खाली जाणारी रेषा दोन्ही पावलांनी घेरलेल्या जागेत राहणं, बस. जागा मोठी करा किंवा बिंदू खाली आणा, तोल पक्का होतो. खुर्चीतून उठताना आपण आधी पुढे झुकतो ते हीच रेषा पावलांवर आणायला. वयस्कर माणसाला उठायला त्रास होत असेल तर पाय मागे, खुर्चीखाली घ्यायला सांगा, झुकायचं अंतर कमी होतं आणि पुष्कळदा एवढ्यानेच उठणं सोपं होतं. थोडी उंच खुर्ची दिली तर गुडघ्यालाही कमी टॉर्क लागतो.

स्नायू प्रत्येक वेळी सारखाच जोर देत नाही

गणितात आपण स्नायू म्हणजे हवी तेवढी ओढणारी दोरी धरली, पण त्याची ताकद लांबी आणि वेगावर बदलते. मनगट पूर्ण आत वाकवा आणि घट्ट मूठ वळून बघा, जमत नाही, कारण बोटं वळवणारे स्नायू आधीच फार आखडलेत. मनगट थोडं मागे वळवलं की पकड लगेच घट्ट होते. हत्यार धरताना मनगट वाकडं होत असेल तर आधी मूठ बदला, ताकदीचा व्यायाम नंतर.

वेगाचं नातं शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये समीकरणात मांडलं: स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितकं त्याचं बल कमी. उलट, ताणला जात असताना तो सगळ्यात जास्त बल धरू शकतो. म्हणून उचलता न येणारं वजन आपण हळू हळू खाली मात्र ठेवू शकतो, आणि डोंगर चढल्यापेक्षा उतरल्यावर मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना ब्रेक लावत असतात. सरावासाठी वजन खाली नेण्याचा भाग हळू करा, पण सुरुवातीला थोडाच.

या आकड्यांवर किती विसंबायचं? खऱ्या शरीरात एका सांध्यावर अनेक स्नायू काम करतात, आणि सांधा घट्ट धरायला उलट बाजूचे स्नायूही आवळले जातात, ते आपण मोजलेच नाहीत, त्यामुळे खरा दाब आपल्या उत्तराच्या पुढेच असण्याची शक्यता जास्त. दोन पद्धतींची तुलना करायला हे गणित उत्तम आहे, एखाद्याचं दुखणं ठरवायला नाही. आणि ताण म्हणजे वाईटच असंही नाही, हाडं आणि टेंडन ताणानेच मजबूत होतात, १९व्या शतकात जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी हाडांबद्दल तेच मांडलं. एकदम वाढवू नका एवढंच.

पायरी ७: व्हिडिओवरून कोन मोजा

शेवटचं काम मोबाईलचं. बऱ्याच मोबाईलवर स्लो मोशनला सेकंदाला २४० फ्रेम मिळतात, म्हणजे दोन फ्रेममध्ये ४ मिलिसेकंद, उडीतून उतरून थांबायला किती वेळ लागला हे फ्रेम मोजून काढता येतं. खुबा, गुडघा, घोटा इथे उठून दिसणाऱ्या रंगाच्या टिकल्या लावा, घट्ट कपडे घाला, मोबाईल स्टँडवर आणि लांब ठेवून झूम करा म्हणजे कडेची वाकडी प्रतिमा येत नाही. किनोव्हिया नावाचं मोफत सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर कोन आणि अंतरं मोजून देतं. प्रत्येक हालचाल किमान पाच वेळा शूट करा आणि सरासरी घ्या, कारण एकच माणूस दोनदा सारखा हलत नाही. टिकल्या कातडीवर असतात आणि कातडी हाडावरून सरकते, शिवाय शरीर जरा जरी वळलं की बाजूने दिसणारा कोन बदलतो, म्हणून गुडघ्याच्या कोनात ३-४ अंशांचा फरक दिसला तर त्यावरून काही ठरवू नका, १० अंशांचा सलग दिसला तर परत पायरी १ पासून चित्र काढा आणि नवीन अंतरं भरून गणित करा.